शाळेतली चित्रं पोर्टफोलिओत परत घाल

पत्र: ताई, मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातली. यंदा बीएफए पेंटिंग पूर्ण झालं. आमची गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती करायची जागा, आजोबांपासूनची. मला एमएफए, म्हणजे फाइन आर्टचं मास्टर्स करायचंय, डोक्यात बडोदा नाहीतर हैदराबाद आहे. बाबा म्हणतात, "एवढा शिकान काय करतलंस, एटीडी कर नि खंयच्या तरी हायस्कुलात लाग." आई काहीच बोलत नाही. कॉलेजात शेवटच्या वर्षी पोर्टफोलिओ दाखवला तेव्हा एका सरांनी सांगितलं की शाळेतल्या मूर्तींची नि कामगारांची ड्रॉइंग्ज कारागिरी वाटतात, फाइन आर्ट वाटत नाहीत, ती काढून टाक. मी काढली. आता पोर्टफोलिओत लँडस्केप, तीनचार पोर्ट्रेट आणि दोन अॅबस्ट्रॅक्ट आहेत, पण मलाच तो माझा वाटत नाही. घरी पैशाची ओढाताण आहे आणि माझं इंग्लिश कच्चं आहे. वय २२. जाऊ का नको? आणि पुढे जॉबचं काय?

उत्तर:

अगं, तुझं पत्र परत परत वाचलं. जाऊ का नको हे तू सगळ्यात शेवटी विचारलंयस पण खरी गोष्ट मधेच एका वाक्यात सांगून मोकळी झालीस, की ती चित्रं काढून टाकली आणि आता पोर्टफोलिओ माझा वाटत नाही. आधी त्याबद्दलच बोलते, फी, परीक्षा, नोकरी ते सगळं नंतर, कारण ही एक गोष्ट सरळ झाली ना की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

ती चित्रं परत घाल. सगळी नाही, चांगली निवडून, पण घाल, आणि मागे कुठेतरी शेवटच्या पानावर नको, पहिल्यापासून घाल.

का ते सांगते. एमएफएची निवड करायला जे लोक बसतात ना त्यांच्यासमोर दरवर्षी ढिगाने पोर्टफोलिओ येतात, आणि त्यातल्या बहुतेकांत तेच असतं, कॉलेजच्या असाइनमेंटचं स्टिल लाइफ, एक म्हातारा पागोटेवाला, घाटावरचं लँडस्केप, आणि आपल्याला मॉडर्न पण येतं हे दाखवायला दोनतीन अॅबस्ट्रॅक्ट. हात चांगला आहे हे त्यावरून कळतं, पण हात चांगला असलेली मुलं खूप असतात. मास्टर्सला घेताना ते बघतात की हिच्याकडे दोन वर्षं पुरेल असं काही आहे का, हिचं लक्ष नेमकं कशावर आहे, ही कशाच्या मागे लागलीय. आणि तू कशाच्या मागे लागलीयस ते तुझ्या पत्रातनंच दिसतंय.

जरा विचार कर तू लहानपणापासून काय बघत आलीस. श्रावणात शाळेत फळ्यांवर ओळीने उभ्या असलेल्या अर्ध्या मूर्ती, हात अजून लावलेले नाहीत, सोंड आहे पण दात नाही, खाली पेपर पसरलेले, बाहेर धो धो पाऊस आणि शाडू काही केल्या वाळत नाही म्हणून रात्रभर हॅलोजन लावून ठेवलेले, त्या उजेडात सगळ्या मूर्तींच्या सावल्या मागच्या चिऱ्याच्या भिंतीवर एकात एक गुंतलेल्या. आणि डोळे आखायचा दिवस. तेव्हा शाळेत कोणी मोठ्याने बोलत नाही, आखणारा माणूस मनगट दुसऱ्या हातावर टेकवतो, श्वास धरतो आणि एका फटक्यात पापणीची रेघ ओढतो, ती रेघ चुकली तर पुसून परत करता येते पण मग ती तशी दिसत नाही हे त्याला माहीत असतं. असं ड्रॉइंग कॉलेजातल्या कितीजणांनी जवळून बघितलंय? तू रोज बघितलंयस. त्यावर तू चित्रं काढलीस आणि ती काढून टाक म्हणून तुला सांगितलं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. सरांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण हा सल्ला चुकीचा आहे आणि तो तू सोडून द्यावास.

आता हे मी तुझं मन राखायला म्हणत नाहीये, त्याला आधार आहे. तू अलिबागजवळचं सासवणे ऐकलंयस का, मांडव्याच्या जेट्टीपासून जवळ आहे. तिथले शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१ चा. त्यांच्या घरी गणपतीच्या मूर्ती करायची परंपरा होती, तिथनं ते मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पुढे लंडनच्या रॉयल अॅकॅडमीत शिकून आले, पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच केला. पण सासवण्यात त्यांच्या राहत्या जागी जे शिल्पालय आहे तिथे जाऊन बघ काय काय आहे, कोळीण आहे, शेतकरी आहे, गावातली माणसं आहेत, जनावरं आहेत, त्यातलं कितीतरी साध्या सिमेंटमध्ये केलेलं. म्हणजे एवढं लांब जाऊन शिकून आलेला माणूस परत येऊन आपल्याच गावातल्या माणसांकडे बघत बसला, आणि जास्त चांगलं बघायला लागला. अर्ज भरायच्या आधी एकदा तिथे जाऊन ये, बाबांना घेऊन गेलीस तर फारच उत्तम. मी सांगून जे होणार नाही ते त्यांनी ती मातीतल्या माणसाने केलेली कामं स्वतः बघून होईल असं मला वाटतं.

आणि बडोदा म्हणतेस तर बडोद्याचाच इतिहास बघ ना. तिथली फाइन आर्टची फॅकल्टी १९५० ची. के. जी. सुब्रमण्यन तिथे शिकवायचे, त्यांनी खेळणी केली, विणकामात काम केलं, लखनौच्या रवींद्रालयावर १९६३ साली भाजलेल्या मातीचं भलंमोठं भित्तिशिल्प केलं. कारागीर आणि चित्रकार यांच्यात भिंत घालायची नाही हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. ज्योती भट्ट, बडोद्याचेच, प्रिंटमेकर, ते कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडले आणि बायकांनी भिंतीवर, अंगणात काढलेली चित्रं टिपत राहिले, वर्षानुवर्षं, आज त्यातल्या कितीतरी भिंती राहिलेल्या नाहीत, फोटो आहेत. मृणालिनी मुखर्जी बडोद्यात सुब्रमण्यन यांच्याकडे शिकल्या आणि दोरखंडाच्या गाठी मारून माणसाएवढी शिल्पं केली. बंगालच्या मीरा मुखर्जी परदेशात शिकून आल्यावर बस्तरच्या ढोकरा, म्हणजे मेणाच्या साच्यावरून धातूचं ओतकाम करणाऱ्या लोकांकडे जाऊन शिकल्या. म्हणजे तू ज्याला लपवतेयस ते घेऊनच मोठी माणसं या क्षेत्रात उभी राहिलीत. पण एक आहे, या सगळ्यांनी कारागिरी नुसती उचलून फ्रेममध्ये घातली नाही. तुलाही ते करता येणार नाही. गणपती छान रंगवता येतो हे दाखवणं म्हणजे पोर्टफोलिओ नाही, तू तिथे काय बघितलंस आणि त्याचं काय केलंस हे दिसलं पाहिजे. हात नसलेल्या मूर्तींची ओळ हा एक विषय आहे, डोळे आखणाऱ्याचं मनगट हा आहे, भाद्रपदानंतर रिकामी पडलेली शाळा नि कोपऱ्यात राहिलेले साचे हा पण आहे. आणि आपल्याकडे घरोघरी गणपती बसतो तिथे मागच्या भिंतीवर चित्र काढायची जी पद्धत आहे ती तर आता डिजिटल बॅनरमुळे डोळ्यांदेखत चाललीय, त्यावर कोणी नीट काम केलं तर मला फार आनंद होईल.

पिंगुळी तुझ्यापासून लांब नाही. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, तिथे गंगावणे कुटुंबाने जिवंत ठेवली, घरच्या गोठ्यातच कलादालन उभं केलं, परशुराम गंगावणेंना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली. सावंतवाडीत गंजिफा, म्हणजे जुने गोल पत्ते आहेत, दशावतारी गंजिफाच्या जोडात १२० पानं, प्रत्येक पान हाताने रंगवलेलं. या दोन्ही ठिकाणी वही घेऊन जाऊन बस. तिथली चित्रं कॉपी करायला नको, रेघ कशी ओढतात, एवढ्याशा जागेत माणूस कसा बसवतात ते बघायला. आपल्या बाजूच्या मुली मुंबईच्या गॅलऱ्या बघून येतात, चांगलंच आहे, पण कुडाळच्या पलीकडे काय आहे ते बघितलेलं नसतं.

बरं, आता पोर्टफोलिओ कसा करायचा ते. कामं थोडी ठेव, पंधरा-वीस बास झाली, जिथे अर्ज करशील तिथे आकडा दिलेला असतो तो पाळ. पूर्ण झालेल्या चित्रांबरोबर स्केचबुकची पानं घाल, तू मनातल्या मनात कसा विचार करतेस ते त्यात दिसतं आणि बघणारे त्यावर जास्त वेळ थांबतात. फोटो पावसाच्या आधी काढून घे, सकाळच्या उजेडात, सावलीत, काच न लावता, कारण आपल्याकडच्या दमट हवेत कागदावर बुरशीचे ठिपके कधी येतात कळतसुद्धा नाही आणि एकदा आले की चित्र गेलं. प्रत्येक कामाखाली माध्यम, आकार, वर्ष. लँडस्केपमधलं एखादं खरंच जमलेलं असेल तर राहू दे, अॅबस्ट्रॅक्ट दोन्ही काढून टाक, तूच लिहिलंयस की हा पोर्टफोलिओ तुला तुझा वाटत नाही.

कुठे अर्ज करायचा तर फक्त दोन नावांवर अडकू नकोस. बडोदा चांगलं, हैदराबाद विद्यापीठाचं सरोजिनी नायडू स्कूल चांगलं, पण शांतिनिकेतनचं कलाभवन पण बघ, १९१९ पासूनचं आहे, तिथे भित्तिचित्रांची परंपरा आहे आणि तुझ्यासारखीला ती जागा मानवेल असं मला वाटतं. बनारस हिंदू विद्यापीठ आहे, छत्तीसगडचं खैरागढचं कला-संगीत विद्यापीठ आहे, मुंबईत जेजे आहेच, १८५७ चं, आता २०२३ पासून अभिमत विद्यापीठ झालंय त्यामुळे जुन्या मुलांनी सांगितलेल्या प्रवेशाच्या गोष्टींवर न जाता थेट त्यांची वेबसाइट बघ. केंद्रीय विद्यापीठांत काही ठिकाणी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा लागते, काही ठिकाणी त्यावर परत पोर्टफोलिओ आणि इंटरव्ह्यू असतो, आणि हे दरवर्षी थोडंफार बदलतं, म्हणून डिसेंबरपासूनच दर आठवड्याला सगळ्यांच्या वेबसाइट बघायची सवय लाव. सीयूईटीचा फॉर्म हुकला म्हणून वर्ष गेलेली मुलं मी बघितलीत, फार जीव तुटतो.

पैशाचं. सरकारी विद्यापीठातच जा, हे मी ठामपणे सांगते. खाजगी ठिकाणी दोन वर्षांची फी काही लाखांत जाते आणि चित्रकलेच्या मास्टर्ससाठी तेवढं कर्ज डोक्यावर घेऊ नये, कारण बाहेर पडल्यावर पहिल्या दिवसापासून पगार सुरू होईल अशी ही डिग्री नाही. हॉस्टेल मिळतंय का हे फीइतकंच महत्त्वाचं, मेस आणि खोलीभाडं यातच खरा खर्च होतो, आणि रंग-कॅनव्हास-प्रिंटमेकिंगच्या प्लेटा यांचा खर्च लोक धरतच नाहीत तो धर. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, महिना ५००० रुपये, दोन वर्षं, तू बसतेस त्यात, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. महाराष्ट्रात राहिलीस तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर तुझ्या प्रवर्गाप्रमाणे, उत्पन्नाप्रमाणे काय मिळतं ते तहसीलचे दाखले आधीच काढून बघून घे, दाखल्यांना वेळ लागतो.

आता बाबांचं. ते म्हणतात त्यातलं अर्धं बरोबर आहे हे तू मान्य कर. नोकरीची काळजी ही खोटी काळजी नाही. पण एटीडी, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, हा बारावीनंतरच्या मुलांचा कोर्स आहे, तुझं बीएफए झालंय, तुला हायस्कुलातच शिकवायचं असेल तर डिप्लोमा इन आर्ट एज्युकेशनची चौकशी कर, तो तुझ्यासारख्यांसाठी आहे. आणि बाबांना हेही नीट सांग की चित्रकला शिक्षकाच्या जागा आता पूर्वीसारख्या निघत नाहीत, एका हायस्कुलात एक जागा, ती रिकामी झाली तरी भरायला वर्षं लागतात. त्यांच्या डोक्यात वीस वर्षांपूर्वीचं चित्र आहे, ड्रॉइंग मास्तर म्हणजे पक्की नोकरी, पेन्शन. ते चित्र राहिलेलं नाही. उलट एमएफए ५५ टक्क्यांनी झालं आणि व्हिज्युअल आर्टमधून नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, निघाली की कला महाविद्यालयात असिस्टंट प्रोफेसरला अर्ज करता येतो, आणि आपल्या कोकणातच सावर्डे आहे, देवरुख आहे, तिथे कला महाविद्यालयं उभी आहेत, खाली पणजीत गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे. त्याच परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएचडी करताना महिना ३७,००० मिळतात. हे सगळं मिळेलच असं मी म्हणत नाहीये, पण दार कुठलं उघडं आहे आणि कुठलं बंद होत चाललंय हे बाबांना आकड्यांनिशी सांगितलंस तर बोलणं पुढे सरकेल. नुसतं "मला आवडतं" म्हणून नाही सरकणार.

आणि मला वाटतं बाबांच्या बोलण्यामागे नोकरीपेक्षा वेगळंच काहीतरी आहे, जे ते बोलत नाहीत. एमएफएचे वर्ग जुलै-ऑगस्टात सुरू होतात. बरोबर तेव्हाच तुमच्या शाळेत रात्रीचा दिवस चालू असतो. तू गेलीस तर रंगकाम कोण करणार, आखणी कोण करणार? एक तयार हात जातोय घरातला, आणि तो पगार देऊन ठेवलेला हात नाही, मुलीचा आहे. हे त्यांच्या तोंडून येणार नाही, तू विषय काढ. सांग की दोन सीझन मी नसेन, बघू कसं करायचं ते, कमी मूर्ती घेऊया का, चुलतभावाला यंदापासूनच आखणीला बसवूया का, मी मे महिन्याच्या सुट्टीत येऊन साचे नि कच्चं काम उरकून जाते. आणि जमेल त्या वर्षी चतुर्थीच्या आधी चार दिवस सुट्टी टाकून ये, कोकण रेल्वेचं तिकीट मात्र बुकिंग उघडेल त्या सकाळीच काढ. असं बसून ठरवलंत तर त्यांना कळेल की तू शाळा सोडून पळत नाहीयेस. आईशी वेगळं बोल. ती गप्प आहे म्हणजे विरोधात आहे असं समजू नकोस, बऱ्याच घरांत आई वाट बघत असते की पोरगी स्वतः किती ठाम आहे.

जाऊ का नको याचं माझं उत्तर जा असं आहे, पण एका अटीवर, ती चित्रं घेऊन जाणार असशील तर. नुसती डिग्री लागावी म्हणून, किंवा घरातनं बाहेर पडायला मिळतंय म्हणून जाणार असशील तर एक वर्ष थांब, घरच्या गणपतीच्या शाळेत काम कर, रोज ड्रॉइंग कर, राज्य कला प्रदर्शनाला, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला कामं पाठव आणि मग ठरव. एका वर्षाने काही बिघडत नाही, एमएफएला तिशीतली माणसंसुद्धा येतात.

गेलीस की पहिलं सेमिस्टर अवघड जाईल हे आत्ताच सांगून ठेवते. तिथे तुला रोज काय करायचं ते कोणी सांगणार नाही. स्टुडिओत एक कोपरा मिळेल, भिंत मिळेल, आणि महिन्या-दीड महिन्याने चार शिक्षक येऊन विचारतील की हे का केलंस. कॉलेजात असाइनमेंट मिळायची, इथे नाही, त्यामुळे बरीच मुलं पहिले तीन महिने आधीचं सगळं सोडून शेजारच्याचं बघून व्हिडिओ नि इन्स्टॉलेशन करत सुटतात. करून बघायला हरकत नाही, पण तू तुझी ड्रॉइंगची वही बंद करू नकोस. आणि प्रिंटमेकिंगच्या, शिल्पाच्या स्टुडिओत जाऊन बसायची परवानगी माग, तुला साचा कळतो, माती कळते, पेंटिंगवाल्या बाकी मुलांना ते येत नसणार. लायब्ररी वापर, तिथली मोठी मोठी पुस्तकं तुला बाहेर कुठे परवडणार नाहीत. डिझर्टेशनला, म्हणजे शेवटच्या प्रबंधाला, विषय शोधत बसू नकोस, भिंतीवरच्या गणपतीच्या चित्रांचा विषय आत्ताच डोक्यात ठेव आणि यंदाच्या चतुर्थीला गावातल्या घरांतून फोटो काढून ठेव, कोणी काढलं, कधी काढलं, कुठले रंग, ते विचारून लिहून ठेव.

राहता राहिलं इंग्लिश. अर्जाबरोबर आपल्या कामाबद्दल द्यायचं स्टेटमेंट आधी मराठीत लिही, एक पान, आपण बोलतो तसं, मग कोणाची तरी मदत घेऊन इंग्लिश कर, पण साधं. इंटरनेटवरची आयडेंटिटी, स्पेस, मेमरी असली वाक्यं उचलून घातलीस तर इंटरव्ह्यूत त्यावरच विचारतील आणि गडबडशील. इंटरव्ह्यूत अडलं तर हिंदीत बोलू का असं सरळ विचार, हो म्हणतात बहुतेक ठिकाणी. शाडू, साचा, आखणी हे शब्द आहेत तसेच वापर आणि विचारलं तर समजावून सांग, हाताने करून दाखव, त्यात तुला कोणी अडवू शकणार नाही. तोपर्यंत रोज अर्धा तास कलेबद्दलचं काहीतरी इंग्लिशमधनं मोठ्याने वाच, आणि यंदा चतुर्थी झाली की लगेच पोर्टफोलिओला बस, दिवाळीपर्यंत पहिली निवड झालेली असू दे.